पुस्तकात नसलेलं वर्ष

८ जुलै

ताई,

हे पत्र फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण वाचून फाड. न वाचता फाडण्यात कसली आलीय मजा?

तुझ्या पुस्तकाच्या प्रकाशनाला मी जे बोलले त्याला आता वर्ष होईल. "पुस्तक खोटं नाही, पण सगळं खरंही नाही," एवढंच बोलले. तेही चहाच्या टेबलापाशी, तुझ्या कानात. माईकवर जाऊन नाही बोलले. तेव्हापासून तू फोन उचलत नाहीस आणि मीही करत नाही. नाकावर राग ठेवण्यात आपण दोघी आईच्याच लेकी. माझं मत अजून तेच आहे, हे आधीच सांगून टाकते. भांडण मिटवायला लिहीत नाहीये, कामासाठी लिहितेय.

काम असं, की पोरांनी तुझं पुस्तक परत केलं.

कुठली पोरं ते सांगते. शाळेतल्या ग्रंथालयात माझ्या टेबलामागे एक कपाट आहे. त्यात पूर्वी थोरामोठ्यांची आत्मचरित्रं असायची. कोणी हात लावायचं नाही, लावलाच तर धूळ झटकायला मी. एक दिवस वैतागून मी कपाटाची किल्ली मुलांनाच देऊन टाकली. म्हटलं, तुमच्या वयाच्या मुलांनी कोणाकोणाच्या आयुष्याच्या गोष्टी वाचाव्यात, ते तुम्हीच ठरवा. तेव्हापासून दर शुक्रवारी शाळा सुटल्यावर चौदा-पंधरा वर्षांची आठ-नऊ टाळकी येऊन बसतात. नियम त्यांचेच. पहिल्या पन्नास पानांत लिहिणारा एकदा तरी तोंडावर आपटला पाहिजे, नाहीतर पुस्तक संशयित. एकानं जरी नाही म्हटलं तरी पुस्तक कपाटात जात नाही. आणि ज्याला पुस्तक आवडलं किंवा खुपलं, त्यानं लेखकाला पत्र लिहायचं. पुस्तकात ज्याचं उत्तर नाही असा एकच प्रश्न त्यात विचारायचा. पत्र टपालात टाकायचं नाही, पुस्तकाच्या मागच्या कव्हरात खोचायचं, म्हणजे पुढच्याला सापडतं. निम्मे लेखक वारलेलेच असतात, टाकणार कुठे? पण मेलेल्या माणसाला पत्र लिहायला या मुलांना भारी आवडतं. एक तर तो रागावत नाही, शिवाय शुद्धलेखनही तपासत नाही.

ताई, ही पोरं वाचतात ना, तेव्हा मी आ वासून बघत राहते. तुरुंगात घड्याळं दुरुस्त करायला शिकलेला एक माणूस आहे, बर्फातल्या तळावर शास्त्रज्ञांना जेवू घालणारा एक आचारी आहे, बहिरेपण लपवत नाचणारी एक मुलगी आहे. त्यांच्याबद्दल ही मुलं अशी बोलतात, जशी शेजारच्या घरातल्या माणसांबद्दल बोलावीत. "त्यानं तेव्हा भावाला सांगायला हवं होतं," म्हणून परवा दोघंजण हमरीतुमरीवर आले. तो भाऊ मरून कित्येक वर्षं झाली!

तर अशा या लोकांपुढे मी तुझं पुस्तक ठेवलं. लेखिका माझी सख्खी बहीण आहे हे काही सांगितलं नाही. आमच्यात एकाला 'वकील' म्हणतात, का ते कळेलच. कव्हरवर लेखिकेचा हुद्दा वाचून तो म्हणाला, "पायलट म्हणजे विमानच ना?" मग मी तुझं पहिलं प्रकरण मोठ्यानं वाचलं. मोठं जहाज बंदराजवळ येतं, पण इथला तळ, इथले प्रवाह त्याच्या कप्तानाला ठाऊक नसतात. म्हणून बंदराचा पायलट छोट्या लाँचमधून समोर जातो, जहाजाच्या अंगावरून सोडलेल्या दोराच्या शिडीनं वर चढतो आणि जहाज आत आणतो. "जहाज थांबतं ना तोपर्यंत?" वकिलानं विचारलं. म्हटलं, नाही, चालत असतं. सगळ्यांनी पुस्तकासाठी हात पुढे केले.

मला वाटलं, जिंकलं पुस्तक! दोन आठवडे हातोहात फिरलं. आणि मत द्यायच्या दिवशी एक मुलगी म्हणाली, "नको." ही कधी बोलतच नाही, तिचं नावच पडलंय घुमी. सगळ्यांनी माना वळवल्या. ती म्हणाली, "ही बाई कधीच घाबरत नाही. मग मला काय उपयोग?"

पुस्तक परत माझ्या टेबलावर आलंय. मला काय म्हणायचंय ते तुला कळलं असेल.

धाकटी


१९ जुलै

ताई,

उत्तर आलं नाही. येईल अशी आशाही नव्हती, तरी पोस्टमन दिसला की मान वळतेच.

घुमीबद्दल सांगते. ही मुलगी जिम्नॅस्ट होती. ती लाकडी बीम असते ना, हाताच्या पंजाएवढी रुंद, तिच्यावर चालायचं, उड्या मारायच्या. मागच्या वर्षी स्पर्धेत पडली. हाड जुळलं, डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला, पण पोरगी हॉलच्या दारातून आत जाईना. हॉल आमच्या ग्रंथालयाच्या समोरच आहे. ती इथे येते ते पुस्तकांसाठी नाही, असा मला दाट संशय आहे. खिडकीतून तिकडे बघत बसता येतं म्हणून येते. तिचे सर म्हणाले, "अजून थोडी वाट बघतो. पण हे वर्ष असंच गेलं तर संपलं. शरीर विसरतं." तिची आई म्हणते, जबरदस्ती नको. बाप म्हणतो, लाड नकोत. मधल्या मध्ये पोरगी मूग गिळून बसलीये.

आणि ती आत्मचरित्रांमागून आत्मचरित्रं वाचतेय. काय शोधतेय ते न कळायला मी काही दुधखुळी नाही.

आता स्पष्टच लिहिते. मला ते वर्ष आठवतंय, ताई. तू शिडीवरून जहाज आणि लाँचच्या मधल्या पाण्यात पडलीस. लाँचवाल्या काकांनी कॉलरला धरून ओढून काढलं. त्यानंतर वर्षभर तू कचेरीत बसून भरती-ओहोटीचे तक्ते लिहीत होतीस. आपल्या घरातला दिवा गेला तेव्हा स्टुलावर चढायला तू नाही म्हणालीस. तू! मी चढले आणि तू माझं स्टूल धरून उभी राहिलीस, तर स्टूलच लटलटत होतं. तेव्हा मी हसले नाही आणि आजही हसत नाहीये.

पुस्तकात यातलं एक अक्षर नाही. पाचव्या प्रकरणात तू जहाजं आणतेस, सहाव्यातही जहाजं आणतेस.

मी घुमीला काही सांगितलेलं नाही. जिभेच्या टोकावर आलं होतं, पण गोष्ट तुझी आहे, तुझ्याच तोंडून आली पाहिजे. तेवढं एक पान लिहून पाठव. नाव घालू नकोस हवं तर. एकच पान गं.

धाकटी


२ ऑगस्ट

ताई,

आज भांडायला लिहीत नाहीये. आज माझी बोलती बंद झालीये, म्हणून लिहितेय.

पोरांनी हट्ट धरला की शिडी बघायची. बंदराच्या साहेबांना अर्ज केला, परवानगी मिळाली. सगळ्यांना फुगीर जाकिटं घातली आणि एका लाँचमध्ये बसवलं. लाटा अडवणाऱ्या बंधाऱ्याच्या आतच राहायचं, या अटीवर. मी म्हटलं, यात काय मोठंसं, लहानपणापासून ऐकतोय. काखेत कळसा म्हणतात ना, तसं झालं माझं. सख्खी बहीण आयुष्यभर हेच करत होती आणि मी एकदाही बघायला गेले नव्हते.

आधी मला ते जहाज वाटलंच नाही. धक्क्यावरची एखादी इमारत असेल असं वाटलं. मग ती इमारत सरकायला लागली. जवळ येत गेली, येत गेली, आणि आभाळ दिसेनासं झालं. समोर नुसतं लोखंड! गंज चढलेलं, ओलं, मान मोडेपर्यंत वर बघितलं तरी न संपणारं. त्याच्या अंगावर ती शिडी लोंबत होती. बापरे! दोन दोर आणि लाकडी पट्ट्या. आपल्या माळ्यावर जायची शिडी तिच्यापेक्षा मजबूत असेल.

पायलटची लाँच आमच्यापासून थोड्या अंतरावरून जहाजाला जाऊन भिडली. ती खाली-वर होतेय, जहाज पुढे चाललंय, दोघांच्या मधलं पाणी उकळल्यासारखं दिसतंय. कडेला पायलट उभी होती. हो, बाईच होती, हेल्मेटखालून वेणी बाहेर आलेली. लाट वर आली आणि तिनं पाऊल टाकलं. एवढंच. क्षणभर ती ना लाँचवर होती, ना शिडीवर. मग ती त्या लोखंडी भिंतीवरून वर जायला लागली. लहान होत गेली, होत गेली, आणि वरच्या कठड्यातून कोणीतरी तिला आत घेतलं.

वकिलाचं तोंड उघडं ते उघडंच. घुमी माझ्या शेजारी होती. तिनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की अजून बोटं उमटलेली आहेत.

ताई, तू हे करायचीस. उन्हात, वाऱ्यात, ताप असताना, आई गेली त्याच आठवड्यातसुद्धा. घरी येऊन म्हणायचीस, "आज दोन आणली गं," जणू बाजारातून भाजीच्या दोन जुड्या आणल्यास. आणि मी म्हणायचे, "चपला बाहेर काढ, पाणी गळतंय." मला आज त्या भिंतीपुढे हात जोडावेसे वाटले. जहाजाला नाही गं, तुला.

घरी आल्यावर एक कळलं. जिला भीती वाटत नाही तिनं हे केलं, तर ती शूर असेल बापडी. पण मला तू ठाऊक आहेस. स्टूल लटलटवणारी तू, परत जाऊन त्या भिंतीला भिडलीस. कशी भिडलीस? मला आता घुमीसाठी नाही, माझ्यासाठी हवंय उत्तर.

धाकटी


११ ऑगस्ट

ताई,

घोळ झालाय. तुझ्या हातात काही पडायच्या आत हे पत्र पोचावं अशी आशा आहे.

घुमी गटात नवीन आहे. पत्र टपालात टाकायचं नसतं हे तिला कोणी सांगितलंच नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं सांगितलं असेल. बंदरावरून आल्यावर तिनं लेखिकेला पत्र लिहिलं, पाकिटावर प्रकाशकाचा पत्ता घातला, तिकीट लावलं आणि दिलं टाकून. काल तुझं पुस्तक चाळताना मागच्या कव्हरात काही नाही, म्हणून वकिलानं विचारलं, "तुझं पत्र कुठेय?" ती म्हणाली, "पाठवलं की." सगळे असे किंचाळले, जणू तिनं शाळाच पेटवली. बिचारीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. म्हणाली, "पत्र लिहायचं आणि पाठवायचं नाही, हे मला कसं सुचणार?"

मग मी विचारलं, काय लिहिलं होतंस. तिनं सांगितलं आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. तिनं लिहिलं, "पाचव्या प्रकरणात नव्या जेटीचा पाया खणतायत आणि सहाव्याच्या पहिल्या पानावर त्या जेटीवर क्रेन उभी आहे. जेटी एका रात्रीत बांधत नाहीत. मधलं एक वर्ष कुठे गेलं? माझंही एक गेलंय, म्हणून विचारते."

ताई, आईशपथ, मी तिला काही म्हणजे काही सांगितलेलं नाही! तू म्हणशील, धाकटीनं पोरीला पढवलं. प्रकाशकानं, संपादकानं, वर्तमानपत्रात स्तुती लिहिणाऱ्या त्या दोघांनी पुस्तक वाचलं, कोणाला ती जेटी खटकली नाही. या पोरीनं ओळखलं, पंधरा वर्षांच्या! मी थक्क झालेय. मला हिला दम द्यायलाही तोंड उरलं नाही.

राग काढायचा असेल तर माझ्यावर काढ. तिला कडक उत्तर लिहू नकोस. काहीच लिहिलं नाहीस तरी चालेल. मात्र कडक नको. ती आत्ता अगदी काठावर उभी आहे.

धाकटी


२६ ऑगस्ट

ताई,

तू आलीस काय, बोललीस काय, आणि शेवटची बस गाठायची म्हणून पर्स उचलून निघालीस काय! मी दारापर्यंत धावले तोवर तू फाटकाबाहेर. म्हणून लिहिते. तू बोलत होतीस तेव्हा तुझी नजर घुमीवर होती. बाकीच्या खोलीत काय झालं ते तुला दिसलं नाही.

शिपाई येऊन म्हणाला, "बाई, कोणी पायलटबाई आल्यात, पत्राचं उत्तर घेऊन." मी रजिस्टर तसंच टाकून उठले, तर तू दारात. केस पार पांढरे झालेत की गं. मला नुसती मान हलवलीस आणि विचारलंस, "जेटीवाली कोण?"

घुमी उभी राहिली. तू तिच्यासमोर त्या बुटक्या बाकावर बसलीस आणि प्रस्तावना नाही, काही नाही, सरळ सांगायला लागलीस. पडले, पाण्याखाली वरती कुठे आहे ते कळेना, वर्षभर गेले नाही, शिडीचं नाव काढलं तरी ओकारी यायची. हे मला माहीत होतं. मी मनात म्हटलं, आता सांगेल की मग एके दिवशी भीती गेली.

वकिलानंही तेच विचारलं. "मग भीती कधी गेली?"

"गेली नाही," तू म्हणालीस. "निवृत्त होईपर्यंत नाही गेली. दर जहाजाला हात गार पडायचे. आवाज कापला तर कळेल म्हणून मी लाँचवाल्या काकांना मोठ्यानं विचारायचे, 'काका, चहा झाला का?' ते म्हणायचे, 'झाला, पण तुम्ही उतरलात की परत घेऊ.' त्यांना सगळं ठाऊक होतं. शेवटपर्यंत त्यांनी ना मला विचारलं, ना कोणाला सांगितलं. पाचव्या पट्टीपर्यंत मी काहीच बघायचे नाही. मग वर पोचायचे."

ताई, मी माझ्या टेबलाला टेकून उभी होते. मला वाटायचं एक वर्ष लपवलंस. तू तर सगळी नोकरीच लपवलीस! रोज, आपल्या घरातून डबा घेऊन निघताना, तुला ठाऊक असायचं की आज परत तसंच होणार, आणि तू चपला घालून निघायचीस. कोणाला पत्ता नाही. मला नाही, आईला नाही. त्या दिवशी बंदरात मी ती भिंत बघून थक्क झाले होते. आता ती भिंत मला ठेंगणी वाटायला लागली.

वकील गप्प बसेल तर शपथ. "मग पुस्तकात का नाही घातलंत?"

तू क्षणभर माझ्याकडे बघितलंस, बोलायला लागल्यापासून पहिल्यांदा. म्हणालीस, "त्या बंदरात माझ्याआधी बाई नव्हती. पुरुष घाबरला की म्हणतात, तो घाबरला. मी घाबरले असते तर म्हणाले असते, बायका घाबरतात. माझ्यामागे दोन मुली अर्ज हातात घेऊन उभ्या होत्या. मी थरथरताना दिसले असते तर ते अर्ज तिथेच फाटले असते. आज त्या दोघी पायलट आहेत. वेणीवाली तुम्ही बंदरात बघितलीत, तीच त्यातली एक. आता लपवायचं कारण उरलं नाही. सवय उरली."

म्हणजे माझी पत्रं वाचलीस तर! सगळी!

कोणी टाळी वाजवली नाही की काही नाही. नेहमी खिडकीत जांभया देणारा तो पोरगा ताठ बसला होता. वकील आयुष्यात पहिल्यांदा चष्मा पुसत होता. आणि घुमीनं विचारलं, "पहिला पाय कुठला टाकायचात?"

मला वाटलं, हे काय विचारते ही पोर? पण तुला काही वाटलं नाही. तू उठलीस, पर्स बाकावर ठेवलीस, साडी जरा वर खोचलीस आणि माझ्या पुस्तकांच्या मांडणीला धरून दाखवलंस. आधी हात खांद्याच्या वर, मग डावा पाय, वजन पायावर, हातावर नाही. तिनंही तुझ्याशेजारी उभं राहून केलं. तू तिचं कोपर सरळ केलंस. तुम्ही दोघी, एक साठीच्या पुढची आणि एक पंधराची, माझ्या मांडणीला लोंबकळताय, आणि मी ग्रंथपाल असून तोंडातून 'पुस्तकं पडतील' एवढंही निघालं नाही.

पुस्तक कपाटात गेलं. सगळ्यांचं मत पडलं. बहीण म्हणून मला मत नव्हतं. हो, सांगितलं त्यांना. वकील म्हणाला, "तरीच!"

प्रकाशनाच्या दिवशी मी तुला जे म्हटलं ते बरोबरच होतं. पण तू केवढं ओझं उचललं होतंस ते मला ठाऊक नव्हतं, ताई. मला ठाऊक असतं तर मी ते टेबलापाशी, घाईघाईत, समोसा खाताखाता बोलले नसते. तुझ्या पायाशी बसून बोलले असते.

धाकटी


५ सप्टेंबर

ताई,

तुझा फोन काल आला तेव्हा मी घरी नव्हते, हॉलमध्ये होते. आज करतेच, पण तिथे काय झालं ते फोनवर सांगताना मला धड बोलता येणार नाही, म्हणून आधी लिहून टाकते.

घुमी परवा ग्रंथालयात आली आणि म्हणाली, "बाई, उद्या समोर याल? बोलायचं नाही. नुसतं बसायचं." गेले. लोखंडी खुर्ची घेऊन भिंतीपाशी बसले. सर होते, आणखी दोन मुली होत्या. तिनं हातांना पांढरी पूड लावली, किती वेळ लावतच राहिली. मग गेली बीमपाशी. उंच बीम होती, सरावाची ठेंगणी नाही. सर म्हणाले होते आज ठेंगणी घे, पण तिनं ऐकलं नाही.

चढली. उभी राहिली. आणि ताई, तिचे पाय थरथरायला लागले. मला खुर्चीवरून दिसत होते, गुडघ्यापासून खाली, लटालटा. बीमसुद्धा हलत असावी. दुसऱ्या मुलींनी माना खाली घातल्या. सर पुढे झाले, हात पुढे केले आणि अगदी मायेनं म्हणाले, "उतर बाळा, पाय थरथरतायत."

ती समोर बघत म्हणाली, "हो सर, थरथरतायत. तुम्ही जरा बाजूला व्हा, मला चालायचंय."

आणि चालली. थरथरत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. उडी नाही, गिरकी नाही, काही नाही. नुसती चालली. टोकाला जाऊन वळली आणि परत आली.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. कशा वाजवणार? दोन्ही हातांनी खुर्ची धरून बसले होते.

तुझी,
धाकटी